न भरणारा खड्डा

धाकूला रडताना कोणी पाहिलेलं नाही. बायको गेली तेव्हाही नाही. धारगळात लोक म्हणायचे, चिरेखाणीवरचा माणूस तो, त्याचं काळीजही चिऱ्याचंच असायचं. लोकांचं काय जातं म्हणायला! असं म्हणणाऱ्यांनी चिरा कधी फोडून बघितलेला नसतो. चिरा म्हणजे तो तांबडा जांभा दगड, आमच्याकडे घरं बांधतात त्याची. बाहेरून दिसायला घट्ट, आत नुसती भोकं. वरून तांब्याभर पाणी ओता, बघता बघता पिऊन मोकळा. हे धाकूला कोणी शिकवायला नको होतं. सारी उमर त्याने तोच दगड काढला. आणि तरीही जे व्हायचं ते त्याच दगडामुळे झालं.

धारगळच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, माती ती किती, तर वीतभर. खाली लगेच दगड. घर बांधणाऱ्याला सोपं पडतं. पाया म्हणून खणायला काही नाहीच, जागा झाडून काढायची आणि चिऱ्यावर चिरा ठेवत सुटायचं. धाकूच्या बापाने तसंच घर बांधलं, भिंतीला आजवर भेग नाही. पण त्याच जागेत मिरचीचं रोप लावायला जा, मुळं धरायला माती नाही. काजू येतो, पण काजूला लाज कुठे असते, तो कुठेही येतो. पाऊस पडला की पाणी वर थांबत नाही. दगडातून खाली उतरतं, आणि दगडाखाली जी चिकट पांढुरकी माती लागते, शेडी म्हणतात तिला, तिच्यावरून उताराला सरकत जातं. बांय, म्हणजे आमच्याकडली विहीर, खणायची ती त्या शेडीपर्यंत. धाकूच्या परसातली बांय त्याच्या आज्याने देवाचा कौल घेऊन खणली होती. देवाने उजवी पाकळी पाडून होकार दिला आणि पाणी लागलं, तेही असं गोड की वाड्यावर, वस्तीत कुठेही, लग्नकार्य निघालं की लोक घागरी घेऊन यायचे. पाहुणा आला तर धाकू चहाच्या आधी बांयचं पाणी पुढे करायचा आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसायचा.

त्याची बायको भाग्यलक्ष्मी. हे नाव लग्नातलं, माहेरची ती रुक्मिणी. माहेर चोपड्याला, नदीच्या काठी. तिथली माती अगदी उलटी. काळी, चिकट, खारट. भात पिकतं, मासळी मिळते, पण घर बांधलं की चार पावसाळ्यांत एक कोपरा खाली बसतो. तिच्या बापाच्या घराचं दार कायम अर्धंच लागायचं. आणि संडास? तो तर विचारूच नका. टाकी बांधा, सोकपिट मारा, चिखल काही पाणी पीत नाही. वरून पाऊस, खालून भरती, आणि खड्ड्यातलं सगळं पुन्हा घरमालकाच्या भेटीला वर. भाग्यलक्ष्मी हे हसत हसत सांगायची. हसायची तिला सवय होती, आणि धाकूला ती हसताना बघायची.

सासरी मात्र संडासच नव्हता. बायका पहाटेच्या अंधारात सड्यावर जायच्या, पावसात छत्री घेऊन, तापात सासूचा हात धरून. भाग्यलक्ष्मीने कामाची कधी कुरकुर केली नाही, घरात भांडी कमी म्हणून केली नाही, पण ही एक गोष्ट तिला सोसली नाही.

"माझ्या माहेरचो वर येता, आणि तुमच्याकडे मुळातच नाय," ती नवऱ्याला म्हणाली. "दोनांतला बरा खंयचा, ता तुमीच सांगा."

गोवा वेगळं राज्य झालं त्या उन्हाळ्यात धाकूने संडास बांधायला काढला. त्या दिवसांत गावाला दुसराच जोर चढला होता. बस थांब्याच्या भिंतीवर एकीकडे मराठीच्या घोषणा, दुसरीकडे कोकणीच्या. सख्खे भाऊ एकमेकांची तोंडं बघत नव्हते, आणि भांडत होते ते मात्र एकाच बोलीत. धाकूच्या घरी एकदा असाच वाद रंगला, तेव्हा भाग्यलक्ष्मी चहा देता देता म्हणाली, "खंयचीय भास आणा गे बाये. संडासाक दोनांत संडासच म्हणतत." सगळे हसले, वाद तिथेच मोडला, आणि दुसऱ्या दिवशी गवंडी आला.

गवंडी निवृत्ती, चंदगडकडचा. त्या वेळी आमच्याकडे बांधकामाला कोल्हापूर, बेळगावकडची माणसं पुष्कळ असत. निवृत्तीने परसात एक फेरी मारली. परसाला उतार होता. वरच्या अंगाला गोठा, मधे बांय, आणि बांयच्या खालच्या अंगाला कोपऱ्यात एक जुनं कुंभ्याचं झाड.

"मालक, ह्यो खालचा कोपरा बरा," तो म्हणाला. "माती मऊ हाय, हिरीच्या खाली बी हाय."

"थंय नको," धाकू म्हणाला. "थंय राखणदार असा."

कुंभ्याच्या मुळाशी एक दगड होता, शेंदूर नाही, आकार नाही, नुसता दगड. तो त्या जागेचा राखणदार. जमिनीचा धनी कागदावर कोणीही असो, राखण त्याची. वर्षातून एकदा त्याला रोट द्यायचा, नारळ, विडी आणि कोपभर सोरो, म्हणजे गावठी दारू. रात्री तो काठी वाजवत कुंपणाने फिरतो, गुराला जनावर लागू देत नाही, घरात चोर येऊ देत नाही. अशाच्या उशाशी संडासाचा खड्डा? हा विचारच कोणाच्या मनात उभा राहिला नाही. सोप्यावर तांदूळ निवडणाऱ्या धाकूच्या आईने नुसतं ऐकून कानाला हात लावला. विचारायचं कोणाला, देवाला? बांयसाठी कौल लावणारी माणसं आम्ही, पण संडासासाठी देवापुढे उभं राहायची लाज वाटते. सोवळं ओवळं आहे की नाही काही!

"वर मार," धाकू म्हणाला. "गोठ्याच्या मागसून."

निवृत्तीने गोठ्याकडे बघितलं, मग बांयकडे. "वरनं पाणी खाली येतंय, मालक."

"मधी चिरो असा. भिंत असा ती."

आता बघा. हे कोण म्हणालं, तर धाकू. ज्याच्या पिकावाखाली रोज भोकांचा दगड फुटत होता, तो म्हणाला चिरा म्हणजे भिंत. माणसाला एकदा एखादी जागा नको असली की दुसरी चांगलीच दिसायला लागते. निवृत्तीने खांदे उडवले. "तुमचा देव, तुमची जागा," म्हणाला आणि दोरी लावली. खड्डा धाकूने स्वतः खणला, निवृत्तीच्या बरोबरीने. बायकोसाठी करत होता, हात दुखले नाहीत.

संडास झाला. हिरव्या रंगाचं पत्र्याचं दार, आत लादी, बाहेर पाण्याचा डोण. भाग्यलक्ष्मीने पहिल्या दिवशी दाराला झेंडूची माळ घातली, सासू ओरडली तशी काढली. आणि खड्डा असा निघाला की पावसाळा गेला, दुसरा गेला, भरायचं नाव नाही. कितीही पाणी ओता, गडप. चोपड्याहून सासरा बघायला आला. बिचाऱ्याने आयुष्यभर पावसाळ्यात बांबूने खड्डा ढवळलेला. वाकून बघितलं, कान लावून ऐकलं, आणि म्हणाला, "जावयबापू, खड्डो तुमचो पुण्यवान असा." धाकू खाणीवर ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगायचा. कोणाच्या पोराला नोकरी लागते, कोणाची म्हैस दूध देते, आणि याचा काय, तर खड्डा भरत नाही.

त्यातच परसही फुललं. गोठा आणि बांय यांच्या मधल्या पट्ट्यात भाग्यलक्ष्मीने लग्न झाल्यापासून भाजीचा हट्ट धरला होता. चोपड्याला गेली की येताना पिशवीभर काळी माती घेऊन यायची. बसचा कंडक्टर म्हणायचा, "बाये, माती व्हरतंस? धारगळात माती नाय?" ती म्हणायची, "नाय. दगड असा." अशा किती पिशव्या तिने त्या पट्ट्यात ओतल्या, पण भाजी आपली रोडकी ती रोडकीच. संडास झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच पट्टा उठला. तांबडी भाजी, भेंडी, अळसांदे, मिरची. एप्रिलात सगळा सडा करपलेला आणि धाकूच्या परसात गोठ्यापासून बांयच्या काठापर्यंत हिरवंगार. भाग्यलक्ष्मी म्हणाली, माझ्या माहेरच्या मातीने शेवटी मूळ धरलं. शेजारच्या विनोदिनीला तिने टोपलीभर भेंडी दिली. धाकूही रोज जेवताना ती भाजी खायचा आणि म्हणायचा, बरी जाली. दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्याच्या पुढल्या वर्षी चवथीला घर पाहुण्यांनी भरलं. भाग्यलक्ष्मी तेव्हा दुसऱ्यांदा पोटुशी होती, दिवस बरेच भरत आले होते. पाहुणे गेले, काही आठवडे गेले, आणि आधी मुलाचे, सुदेशचे, डोळे पिवळे झाले. पथ्यपाण्याने तो उठला. मग ती पडली. कावीळ म्हटली की आमच्याकडे झाडपाला. वैद्याने मुळी दिली, बांयच्या पाण्यात उगाळून द्या म्हणाला. येणारा जाणारा सांगायचा, पाणी भरपूर पाज, तेवढंच औषध. धाकूने खाणीवर जायचं सोडलं. उशाशी बसून कोप भरून भरून पाणी पाजायचा. ताजं, थंडगार, बांयतून त्या घटकेला काढलेलं. ती नको म्हणायची तेव्हा लहान मुलासारखं चुचकारायचा.

शेवटी म्हापशाला इस्पितळात नेली. तिथली डॉक्टरीण वयाने लहान होती, बोलायला मऊ. तिने धाकूला बाहेर पडवीत बोलावलं आणि विचारलं, "पाणी खंयचं पिता?"

"आमच्या बांयचा. गावात नाव असा पाण्याचा."

"घरी संडास आहे?"

"असा. दोन वर्सां जाली."

"बांयपासून किती लांब?"

धाकूने दाखवायला हात वर केला. इथून त्या दारापर्यंत, असं दाखवायचं होतं.

"वर की खाली?" तिने विचारलं.

"वर," तो म्हणाला, आणि हात तसाच राहिला.

 डॉक्टरीण एवढंच म्हणाली, की ही पाण्यातली कावीळ, पोटुशीला फार जड जाते, घरात सगळ्यांनी पाणी उकळून प्या. पण धाकूला कळून चुकलं होतं. चिरा, चिऱ्यातली भोकं, शेडीवरून सरकणारं पाणी, तो न भरणारा खड्डा, ती एप्रिलातली हिरवी भाजी. सगळं एका ओळीत उभं राहिलं, गोठ्यापासून बांयपर्यंत. त्याला वाटलं, आता आपण ओरडणार. पण आत कुठे काही हललंच नाही. दुसऱ्या दिवशी भाग्यलक्ष्मी गेली, पोटातलं पोटातच गेलं, आणि धाकूने लाकडं, मडकं, माणसं, सगळं नीट बघितलं.

बारावा झाल्यावर त्याने एक काम केलं. संडासाला कुलूप घातलं आणि खड्ड्याच्या तोंडावर चिरे रचून टाकले. गाव हळहळलं. बायकोसाठी हौसेने बांधला होता, आता बघवत नाही त्याला, असं बायका म्हणाल्या. एवढं प्रेम कोणा पुरुषाचं असतं! धाकूच्या आईने नजरेचं काहीतरी काढलं, पोटुशी बाई तिन्हीसांजेला भाजीत बसायची, तिथेच बाधा झाली म्हणून. धाकूने दोन्ही ऐकून घेतलं. खरं सांगायला तोंड लागतं, आणि त्याचं तोंड त्या दिवसापासून जेवायला तेवढं उघडायचं. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

भाजीचा पट्टा पुढच्या उन्हाळ्यात वाळला. काळी माती पावसाने धुऊन नेली, खालचा दगड उघडा पडला. धाकू त्या वाळक्या वेलींपुढे उभा राहिला. इथे तरी रडू येईल असं त्याला वाटलं होतं. नाही आलं. त्याने वेली उपटल्या आणि गुरांपुढे टाकल्या.

वर्षं गेली ती अशीच गेली. दुःख होतं म्हणावं तर दुःखाला काही चव असते. धाकूला कशाचीच चव नव्हती. खाणीवर यंत्रं आली, तो घरी बसला. आई म्हातारपणाने गेली, तेव्हाही तो तसाच. घरात पाणी उकळून प्यायचं, हा नियम त्याने कडक ठेवला. कोणी विचारलं तर म्हणायचा, डॉक्टरीण बोलली होती. स्वतः मात्र बाल्दी ओढली की तिथेच ओंजळीने प्यायचा. त्याला काही होत नव्हतं. मधे नळ आला, एक दिवस पाणी, दोन दिवस वारा. मे महिन्यात तर नुसताच वारा. त्यामुळे बांय होतीच.

सुदेश कारखान्यात लागला, आणि डिचोलीकडची गौरवी सून होऊन आली. चांगली शिकलेली, डोळ्यांत डोळे घालून बोलणारी पोर. घरात संडास नाही हे तिला लग्नाआधी सांगितलेलं होतं, आणि वर्षाच्या आत बांधतो, असंही. ती विनोदिनीकडे जायची. विनोदिनी चांगली, पण रोज दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं म्हणजे काय ते बायकांना विचारा. मग गौरवीला दिवस गेले, आणि सुदेश एका रविवारी सोप्यावर बापापुढे येऊन बसला.

"बाबा, जुनो संडास उघडतंय," तो म्हणाला. "खड्डो तयारच असा. कधी भरलो नाय म्हणान तुमीच सांगत होतात. वरचा भांडा बदलला की झाला. सोमवारी गवंडी येता."

"तो नको," धाकू म्हणाला.

"कित्याक?"

धाकू सोप्याच्या कडेला सरकला. सुदेश सांभाळून म्हणाला, "आवयसाठी बंद केलात, ता गावाक ठावक असा. पण घरात पोटुशी बायल असा. किती दिवस लोकांकडे धाडू तिका?"

"खाली मार."

"खाली राखणदार असा. तुमीच सांगलात."

 दोघांचंही खरं होतं, आणि पुढे जायला वाट नव्हती. धाकूने मान फिरवली. परसात गौरवी बांयवर पाणी काढत होती. मे महिन्याचं ऊन, पोट पुढे आलेलं, कपाळावर घाम. तिने बाल्दी काठावर टेकवली, इकडे तिकडे बघितलं आणि ओंजळ भरून पाणी प्याली. उकळलेलं पाणी घरात होतं, पण ते कोमट. उन्हात कोण वाट बघतं. ती पुन्हा प्याली, तोंड पुसलं, आणि बाल्दी उचलली.

धाकूच्या आत काहीतरी हललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती भीती होती. त्याने ती ओळखली, पायात वहाणा घातल्या आणि कोणाला न सांगता बाबली घाड्याकडे गेला.

बाबली गावचा घाडी. देवाला गाऱ्हाणं घालायचं काम त्याच्या घराण्याकडे. तो चहात पाव बुडवून खात होता. धाकूने उभ्या उभ्याच विचारलं, "बाबल्या, राखणदाराक हलवूक येता?"

"येता ना," बाबली म्हणाला. "कित्याक येवचो नाय? नारळ ठेवचो, रोट देवचो, नवी जागा दाखवची. माझ्या बापायन दोनदा हलयलो. एकदा रस्त्याक, एकदा शाळेक. तो काय आमदार असा, खुर्ची धरून बसूक?"

धाकू खाली बसला. बाबलीच्या बायकोने त्याच्यापुढे चहा ठेवला, त्याने तो बघितलाही नाही.

"एवढा सोपा?" तो म्हणाला.

"सोपाच. कोण इचारीत नाय, ता वेगळा." बाबलीने पावाचा शेवटचा घास खाल्ला. "पण कारण सांगूक व्हया. घरधन्यान, त्याच्यासमोर, मोठ्यान. खोटा सांगलास तर हलाचो नाय तो."

"सुनेक संडास व्हयो, म्हणान सांग."

"ती गरज झाली. वर जागा असताना म्हाताऱ्याक कित्याक उठयतास, ता कारण."

धाकूने मान हलवली. परत येताना हमरस्त्यावरून ट्रक जात होते, धूळ उडत होती. एक नारळ. संडास बांधला त्या उन्हाळ्यात घरात नारळ होते, सोरो होता, बाबलीचा बाप जिवंत होता. नुसतं जाऊन विचारायचं होतं, जसं आता विचारलं. त्याने स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगून बघितलं, सुईने पाय टोचून बघावा तसं. पाय काही दुखला नाही. त्याला त्याचीच चीड आली. घरी आल्यावर तो सुदेशला म्हणाला, "सोमवारी गवंडी नको. बाबली येतलो." आणि आत जाऊन पडला.

सोमवारी बाबली आला. घरची माणसं, विनोदिनी आणि तिचा नवरा, वाड्यावरचे आणखी चार-पाच. कुंभ्याखाली केळीच्या पानावर रोट मांडला, विडी ठेवली, कोपात सोरो ओतला. पलीकडे कुंपणाजवळ नवी जागा सारवून ठेवली होती, दगडासाठी पहार उभी होती. नारळ धाकूच्या हातात. गौरवीला खुर्ची दिली होती, तरी ती उभीच होती.

आमच्याकडे गाऱ्हाण्याची रीत अशी, की घाडी एक वाक्य म्हणतो आणि जमलेली माणसं म्हणतात, व्हय म्हाराजा. माणसांनी व्हय म्हटलं तरच ते वाक्य पोचतं. नाही म्हटलं तर ते तिथेच पडून राहतं, पुढचं वाक्य घेता येत नाही.

बाबलीने डोळे मिटले आणि आवाज लावला. "बा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी रवली असत."

"व्हय म्हाराजा."

"तुका उठवची पाळी इली. तुझो मान ठेवन, तुका नवी जागा दिली असा."

"व्हय म्हाराजा."

"जाणता अजाणता चुकला माकला पदरात घे, आणि ह्या घरच्या माणसांचा रक्षण कर."

"व्हय म्हाराजा."

"आता घरधनी कारण सांगतलो."

धाकू पुढे झाला. लोकांना वाटलं, सुनेचं काहीतरी सांगेल आणि मोकळा होईल. कोणीतरी मागे पान लावत होतं. धाकूने घसा साफ केला, आणि रोजच्या आवाजात, भाव विचारावा तसं, तो बोलला.

"म्हाराजा, तुझ्या उशाक घाण नको म्हणान मी वर खड्डो मारलंय. तुका इचारूक नाय. खड्ड्यातला पाणी चिऱ्यातसून बांयत उतारला. त्या पाण्यान माझी बायल गेली. पोटातला पोर गेला. ता पाणी मीच पाजलंय तिका. परत तसा होवचा नाय म्हणान तुका उठयतंय."

 पान लावणारा थांबला. विनोदिनीने तोंडाला पदर लावला. गौरवीने खुर्चीची पाठ धरली आणि एकदा बांयकडे बघितलं. बाबलीने डोळे उघडले होते, पण तो घाडी, त्याला वाट बघणं भाग होतं. व्हय आल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नव्हतं, आणि ते कोणाच्या तोंडातून निघत नव्हतं. असल्या गोष्टीला व्हय म्हणायचं तरी कोणी? धाकू दगडाकडे बघत उभा होता. त्याने मागे वळून बघितलं नाही.

मग मागून सुदेशचा आवाज आला, एकट्याचा.

"व्हय म्हाराजा."

बाबलीने नारळ घ्यायला हात पुढे केला. धाकूची बोटं त्या नारळावर अशी घट्ट बसली होती की ती एकेक करून सोडवावी लागली.